डार्क डेटातही फ्लेविन वाकलेलं दिसतंय? आधी त्याला इलेक्ट्रॉन कुणी दिला ते शोधा

तक्रार नेहमीची आहे. फोटोलायेज किंवा क्रिप्टोक्रोम या निळ्या उजेडावर चालणाऱ्या प्रथिनांचे क्रिस्टल छान पिवळे येतात. हा पिवळा रंग आत बसलेल्या एफएडी या फ्लेविन रेणूचा. अंधारात वाढवलेले, अंधारातच लूपने उचलून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेले. क्ष-किरणांचा डेटा घेऊन क्रिस्टल बीमवरून उतरवला की मधोमध फिका पट्टा दिसतो. मॅप, म्हणजे अणू कुठे आहेत ते दाखवणारा इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा, उघडला की ‘डार्क’ म्हणून ठेवलेल्या रचनेतच एफएडीची रिंग वाकलेली, शेजारचं आर्जिनीन हे अमिनो आम्ल जागचं हललेलं. उजेड दाखवलेल्या क्रिस्टलमध्येही नेमकं तेच. दोन्हींची वजाबाकी केली की हाती भोपळा. मग मेसेज येतो, “ताई, ह्याला उजेड दाखवलाच नव्हता, मग हा बदलला कसा?”

इंदूरला हा प्रश्न जरा जास्तच कानावर पडतो. राजेंद्र नगर ओलांडलं की आरआरकॅट ही संशोधन संस्था, तिथे अडीच गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचं इंडस-२ सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र) आणि त्यावर बीएल-२१ ही प्रथिनांच्या क्रिस्टलसाठीची बीमलाइन. आजूबाजूच्या गावांतली पोरं डबा भरून क्रिस्टल घेऊन येतात, दोन दिवस जागतात, आणि परत जाताना हीच अडचण सोबत नेतात. बीमलाइनचा यात काही दोष नाही. कुठल्याही सिंक्रोट्रॉनवर हेच होतं, आणि निम्म्या वेळा तर भानगड क्रिस्टल बीमवर चढण्याआधीच झालेली असते.

माझं म्हणणं एवढंच की रचना नंतर, रंग आधी. फ्लेविन इलेक्ट्रॉनच्या बाबतीत फारसं चोखंदळ नाही. मिळेल तिथून घेतं. तो कुठून आला याचा छडा लागेपर्यंत मॅपमधल्या हालचालीला ‘प्रकाशामुळे झालेला बदल’ म्हणण्यात अर्थ नाही.

प्रथिनात नेमकं काय घडतं

ई. कोलायचं फोटोलायेज घ्या, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त काम झालंय. त्याची क्रिस्टल रचना १९९५ साली आली आणि डीएनए दुरुस्तीवरच्या कामासाठी अझीझ सँकार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एफएडी या एन्झाइमच्या पोटात इंग्रजी यू अक्षरासारखं दुमडून बसलेलं असतं. तिथून पृष्ठभागापर्यंत ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं ओळीने आहेत, प्रथिनातल्या क्रमांकांनी ३८२, ३५९ आणि ३०६. प्रथिनाच्या आत साधारण १४ अँगस्ट्रॉमच्या पुढे इलेक्ट्रॉनला एका उडीत कामाच्या वेगाने जाता येत नाही, म्हणून ओढ्यात टाकलेल्या दगडांवरून जावं तसा तो टप्प्याटप्प्याने येतो. फ्लेविनने प्रकाश शोषला की काही दशक पिकोसेकंदांत ३८२ कडून इलेक्ट्रॉन खेचला जातो, ३८२ ची भरपाई ३५९ करतं, त्याची ३०६. दहा नॅनोसेकंदांच्या आत तूट पृष्ठभागावर आलेली असते. बाहेर डीटीटी या रसायनासारखा कुणी इलेक्ट्रॉनदाता असेल तर तो ३०६ ची तूट भरून काढतो आणि फ्लेविनकडे गेलेला इलेक्ट्रॉन तिथेच राहतो. दाता नसेल तर मिलिसेकंदांत इलेक्ट्रॉन आल्या वाटेने परत. हे ‘परत’ लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

आता रचनेचं. २०२२ साली मेथॅनोसार्सिना माझेई या जीवाच्या फोटोलायेजवर, फेमटोसेकंद क्ष-किरण लेसरने, नॅनोसेकंद ते मायक्रोसेकंदांची चित्रमालिका घेतली गेली. पहिला इलेक्ट्रॉन आला की फ्लेविनवर ऋणभार येतो. शेजारचं आर्जिनीन तो सावरायला जवळ सरकतं आणि रिंग चांगलीच पिळवटते. मग आर्जिनीन आणि अॅस्पार्टेटमधला क्षारसेतू (विरुद्ध भारांची जोडणी) तुटतो, आर्जिनीनकडून प्रोटॉन फ्लेविनला मिळतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन घ्यायची तयारी होते. जवळचं एक अॅस्पॅराजीनही या खेळात असतं. २०२३ साली खुद्द डीएनए दुरुस्तीचीही अशीच मालिका आली, १०० पिकोसेकंदांपासून २०० मायक्रोसेकंदांपर्यंतची.

या सगळ्या हालचाली होतात त्या भार बदलल्यामुळे. प्रकाशाचं काम इलेक्ट्रॉन आणून देण्यापुरतं. तोच इलेक्ट्रॉन क्ष-किरणांनी सोडवून आणला तरी आर्जिनीनला ऋणभारच दिसतो, आणि हलायला वाव असेल तर ते तसंच हलतं. म्हणून ‘डार्क’ आणि ‘लाइट’ ही नावं डब्यावर लिहिण्यापुरती. खरी नावं ‘ऑक्सिडाइज्ड’ (इलेक्ट्रॉन न घेतलेलं) आणि ‘रिड्यूस्ड’ (इलेक्ट्रॉन घेतलेलं), आणि ती रंग बघितल्याशिवाय देता येत नाहीत.

रंग वाचणं

पूर्ण ऑक्सिडाइज्ड एफएडी पिवळं. वर्णपटात ४५० आणि ३७० नॅनोमीटरच्या आसपास दोन टेकड्या. प्रथिनात घट्ट बसलेलं असेल तर ४५० च्या टेकडीला दोन्ही बाजूंना खांदे येतात, साधारण ४२५ आणि ४८० ला. हे खांदे मी सगळ्यात आधी बघते. टेकडी गुळगुळीत असेल तर फ्लेविन प्रथिनातून निसटून बफरमध्ये मोकळं फिरतंय. त्या मोकळ्या फ्लेविनवर प्रयोग करून कुणाला प्रथिनाची रचना कळणार नाही, आणि ते निळ्या उजेडात स्वतःच्या हिमतीवर रिड्यूस होऊन तुम्हाला फसवतं ते वेगळंच.

एक इलेक्ट्रॉन आला आणि प्रोटॉन नाही आला, तर ऋणभारित सेमिक्विनोन. त्याची खूण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा नवा उंचवटा, आणि दिसायला लालसर झाक. इलेक्ट्रॉनसोबत प्रोटॉनही आला तर उदासीन सेमिक्विनोन: निळं, ५८० आणि ६२५ च्या आसपास रुंद शोषण. दुसरा इलेक्ट्रॉनही आला की दृश्य भागातलं जवळजवळ सगळं जातं, फक्त ३६० च्या आसपास थोडं उरतं. डोळ्याला क्रिस्टल रंग उडाल्यासारखा दिसतो.

ई. कोलायचं फोटोलायेज शुद्धीकरणाच्या कॉलमवरून उतरतं तेव्हा बहुतेक निळं असतं आणि ठेवल्या ठेवल्या पिवळं होत जातं. त्यामुळे नवीन मुलं पिवळ्या नळीला ‘चांगली’ आणि निळीला ‘बिघडलेली’ समजतात. बिघाड कशातच नाही, फक्त दोन्ही नळ्या एकत्र करू नका. एकत्र केल्या की क्रिस्टलमध्ये दोन अवस्थांची खिचडी येते आणि मॅपमध्ये अर्धवट वाकलेली रिंग, जी कुठल्याच अवस्थेची नसते.

अंधार खरंच अंधार आहे का

बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो.

बाजारात मिळणारा पांढरा एलईडी पांढरा नसतो. आत निळा एलईडी असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा, आणि त्यावर पिवळा लेप. म्हणजे तुमच्या फ्लेविनची टेकडी जिथे आहे नेमका तिथेच त्याचा जोर. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली क्रिस्टल शोधताना, लूप जुळवताना जो उजेड पडतो तो दाता असलेल्या बफरमध्ये ‘डार्क’ क्रिस्टल रिड्यूस करायला पुरेसा असतो. लाइट गेले की कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावतं, तेही तेच. मायक्रोस्कोपच्या दिव्यावर लाल किंवा गडद नारिंगी फिल्टर बसवा. मोबाइल खोलीबाहेर ठेवा. फॉइल गुंडाळलेल्या नळ्यांच्या घडीत फट राहते, म्हणून वरून काळी पिशवी.

लाल दिव्याबद्दल एक सावधगिरी. जेल रोडवरून आणलेली लाल एलईडीची पट्टी पिवळ्या नमुन्याला बहुतेक चालते, कारण ऑक्सिडाइज्ड एफएडी ५५० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ काही शोषत नाही. निळ्या नमुन्याला ती चालत नाही. उदासीन सेमिक्विनोन ६०० च्या पुढेही शोषतं, आणि लाल उजेडात तेच ट्रिप्टोफॅनचं काम सुरू होऊन नमुना पूर्ण रिड्यूस होतो. ‘लाल दिवा म्हणजे सेफ’ हे फोटोच्या डार्करूममधून आलेलं गृहीतक आहे, आपल्या एन्झाइमला ते माहीत नाही. निळ्या नमुन्यासाठी अवरक्त दिवा आणि त्याला साजेसा कॅमेरा, किंवा मग सरळ हाताच्या अंदाजाने. पट्टी कुठलीही असो, तिचा वर्णपट एकदा मोजून घ्या. काही लाल दिसणाऱ्या दिव्यांत निळ्याचा अंश असतो.

दुसरा चोर खुद्द मोजमापाचं यंत्र. डायोड-अॅरे प्रकारचा स्पेक्ट्रोफोटोमीटर आधी सगळा पांढरा उजेड नमुन्यातून सोडतो आणि मग रंग वेगळे करतो. म्हणजे वर्णपट घेता घेता तुम्ही प्रयोग करून टाकलात. लागोपाठ वर्णपट घ्या. दर वेळी ४५० ची टेकडी थोडी थोडी उतरत असेल तर यंत्रच उजेड दाखवून नमुना रिड्यूस करतंय. जुन्या पद्धतीचा, आधी रंग वेगळा करून मग नमुन्यावर टाकणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर हळू असतो, पण या कामाला तोच बरा. विभागात अडगळीत पडलेला असेल तर पुसून काढा.

बफरमधले हितचिंतक

डीटीटी, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, ईडीटीए: शुद्धीकरणात या गोष्टी सवयीने टाकल्या जातात. तिन्ही इलेक्ट्रॉनदाते आहेत. ‘डार्क’ क्रिस्टलच्या थेंबात यांतलं काही असेल तर मायक्रोस्कोपखालचा क्षणभराचा उजेडही पुरतो, कारण इलेक्ट्रॉन परत जायची वाट बंद होते. यांच्याशिवाय तोच क्षणभराचा उजेड मिलिसेकंदांत विसरला जातो. मी म्हणून ऑक्सिडाइज्ड रचनेसाठीचे क्रिस्टल दात्याशिवाय वाढवते आणि दाता नंतर, फक्त रिड्यूस करायच्या क्रिस्टलमध्ये, भिजवून घालते. प्रथिनातल्या सिस्टीनची काळजी असेल तर शुद्धीकरणापर्यंत डीटीटी ठेवा, शेवटच्या कॉलमला काढून टाका.

उलट तक्रार असते ती अशी: ‘काल रिड्यूस होत होतं, आज होत नाही.’ यात बहुतेक वेळा डीटीटी म्हातारं झालेलं असतं. २० अंशांना त्याचं अर्धआयुष्य पीएच ६.५ ला सुमारे ४० तास, ७.५ ला १० तास आणि ८.५ ला जेमतेम दीड तास. इंदूरच्या मे महिन्यात, एसी बंद पडलेल्या खोलीत, त्याहूनही कमी. बाटलीवर आदल्या आठवड्याची तारीख असेल तर ओतून द्या.

ऑक्सिजन दुसऱ्या दिशेने खोडी करतो: रिड्यूस झालेलं फ्लेविन हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा पिवळं होतं आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. ग्लव्हबॉक्स (ऑक्सिजन नसलेली बंद पेटी) नसेल तर लोक ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज टाकून ऑक्सिजन काढतात. पद्धत चांगली आहे, फक्त दोन गोष्टी विसरतात. एक, ग्लुकोज ऑक्सिडेज हे स्वतः एफएडीचं एन्झाइम आहे. तुमच्या वर्णपटात त्याची ४५० ची टेकडी मिसळते, म्हणून ते अगदी कमी मात्रेत घ्या आणि त्याचा एकट्याचा वर्णपट वजा करा. दोन, त्यातून ग्लुकोनिक आम्ल तयार होतं आणि कमजोर बफरचा पीएच घसरतो. पीएच घसरला की सेमिक्विनोनचं प्रोटॉनचं गणित बदलू शकतं, आणि लालसर अपेक्षित असताना निळं दिसलं की पुन्हा मेसेज येतो.

बीमवर काय होतं

इथवर सगळं नीट असेल, गोठवताना क्रिस्टल खात्रीने पिवळा असेल आणि तरीही उतरताना फिका असेल, तर इलेक्ट्रॉन क्ष-किरणांनी दिला.

क्रिस्टलमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. क्ष-किरण शोषले गेले की त्यातून, आणि प्रथिनातूनही, इलेक्ट्रॉन सुटतात आणि १०० केल्विनलाही ते फिरू शकतात. फ्लेविन किंवा धातूचं केंद्र दिसलं की तिथे जाऊन बसतात. क्रिस्टलची विवर्तनाची, म्हणजे क्ष-किरणांचे ठिपके देण्याची, ताकद टिकवण्यासाठी गोठवलेल्या नमुन्याला ३० मेगाग्रे (शोषलेल्या किरणांच्या डोसचं एकक) ही प्रायोगिक मर्यादा २००६ पासून सगळे वापरतात. पण ती मर्यादा ठिपके टिकण्याची आहे, फ्लेविन ऑक्सिडाइज्ड राहण्याची नाही. फ्लेविन त्याच्या फार आधी हातचं जातं. ‘रिझोल्यूशन शेवटपर्यंत छान होतं’ हा युक्तिवाद म्हणून इथे चालत नाही. ‘आपला बीम बेंडिंग मॅग्नेटचा आहे, परदेशातल्यासारखा तीव्र नाही’ हाही चालत नाही, कारण मंद बीमवर तुम्ही एक्स्पोजर वाढवता आणि हिशेब शेवटी एकूण डोसचा असतो. तो डोस रॅडडोस-३डी सारख्या प्रोग्रॅममध्ये क्रिस्टलचा आकार, बीमचा आकार आणि फ्लक्स (दर सेकंदाला येणारे फोटॉन) टाकून आधीच काढा. बीमलाइनवर बसलेल्यांना फ्लक्स विचारायला लाजू नका, ते सांगतात.

आता एक तपासणी, जी मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि जिला वेगळा बीमटाइम लागत नाही. एकाच क्रिस्टलचा पूर्ण डेटा दोनदा घ्या. दुसऱ्या फेरीतून पहिली वजा करून मॅप काढा. उजेड दोन्हींत नाही, क्रिस्टल तोच, फक्त डोस वाढला. या मॅपमध्ये जे दिसेल ते क्ष-किरणांचं काम. लाइट-डार्क मॅप काढण्याआधी हा मॅप काढा आणि शेजारी ठेवा. दोन्हींत तीच टेकाडं असतील तर तुमचा ‘प्रकाशाचा परिणाम’ तिथेच संपला.

त्या मॅपमध्ये अॅस्पार्टेट आणि ग्लुटामेटकडे बारकाईने बघा. क्ष-किरणांत डायसल्फाइड बंध तुटतात आणि या आम्लांचा कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. आपल्या एन्झाइममध्ये नेमका एक अॅस्पार्टेट फ्लेविनशेजारच्या क्षारसेतूत आहे. त्याच्या टोकाची घनता गेली तर ‘सेतू तुटला, प्रोटॉन सरकला’ असं लिहून टाकायचा मोह होतो. सेतू तुटून बाजूची साखळी वळली असेल तर तिची घनता दुसरीकडे कुठेतरी दिसली पाहिजे. नुसतीच नाहीशी झाली असेल आणि पृष्ठभागावरचे इतर अॅस्पार्टेटही तसेच झिजलेले असतील, तर ते किरणांचं नुकसान आहे.

डोस कमी ठेवायची जुनी युक्ती म्हणजे अनेक क्रिस्टलचा एकत्र डेटा. प्रत्येक क्रिस्टलकडून फक्त सुरुवातीचे थोडे अंश घ्यायचे, पुढचे दुसऱ्याकडून, आणि शेवटी जोडायचे. २००२ साली हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजच्या टप्प्यांचं काम याच रीतीने झालं होतं. तिथे तर क्ष-किरणांनी होणारं रिडक्शनच हाताशी धरून अभिक्रिया पुढे सरकवली होती. अट एवढीच की सगळ्या क्रिस्टलची सेल-मापं (जाळीच्या एका घराची मापं) जुळायला हवीत. गोठवण्याच्या हातात फरक पडला की ती जुळत नाहीत, म्हणून लूप उचलणारा हात एकच ठेवा.

१०० केल्विनचा आणखी एक पेच आहे. त्या तापमानाला इलेक्ट्रॉन फिरतो पण प्रथिन फारसं हलत नाही. त्यामुळे क्रिस्टल रंगाने रिड्यूस्ड आणि रचनेने जवळपास ऑक्सिडाइज्ड, असं त्रांगडं होऊ शकतं. रंग आधी म्हटलं ते खरं, पण रंग एकटा पुरत नाही तो इथे. रिड्यूस्ड रचना हवी असेल तर क्रिस्टल गोठवण्यापूर्वीच, नेहमीच्या तापमानाला, दात्यासोबत उजेड दाखवून रिड्यूस करा आणि स्थिर होऊ द्या. मधल्या क्षणिक अवस्था या मार्गाने मिळायच्या नाहीत. त्यासाठी जपानचं साक्ला किंवा स्वित्झर्लंडचं स्विसएफईएल हे क्ष-किरण लेसर, जिथे नुकसान पसरण्याआधीच चित्र निघालेलं असतं. इंदूरला बसून आपल्याला दोन टोकं नीट मिळवता येतात, आधीचं आणि नंतरचं. तीच धड नसतील तर मधल्या चित्रमालिकेसाठी अर्ज करण्यात दम नाही.

रिंग वाकली, की प्रोग्रॅमने वाकवली

याबद्दल कुणी विचारत नाही, पण विचारलं पाहिजे. रिफाइनमेंटच्या, म्हणजे रचना डेटाशी जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लायब्ररीत एफएडीची रिंग सपाट धरलेली असते. अडीच अँगस्ट्रॉमच्या डेटाला रिंग वाकली की नाही हे ठामपणे सांगता येत नाही, तिथे लायब्ररी म्हणेल तेच खरं. रिंग दहा अंशांनी वाकली तर तिच्या टोकाचे अणू अर्ध्या अँगस्ट्रॉमहून थोडेच जास्त सरकतात. म्हणून सपाट बंधन घालून एकदा आणि ते सैल करून एकदा, असं दोन्ही रिफाइन करा आणि उरलेली घनता बघा. सपाट ठेवल्यावर रिंगच्या एका बाजूला हिरवा (घनता आहे, अणू नाही) आणि दुसऱ्या बाजूला लाल (अणू आहे, घनता नाही) डाग उरत असेल, आणि सैल केल्यावर दोन्ही जात असतील, तरच वाकली म्हणा.

आणि वाकली म्हणजे रिड्यूस झाली, असंही सरसकट नाही. २०१७ मध्ये सापडलेलं फॅटी अॅसिड फोटोडीकार्बोक्सिलेज घ्या. शैवालातलं हे एन्झाइम निळ्या उजेडात मेदाम्लाचा कार्बॉक्सिल गट काढून टाकतं. त्याची क्ष-किरणांच्या नुकसानाशिवाय काढलेली रचना २०२१ साली आली, तीतही ऑक्सिडाइज्ड एफएडी वाकलेलंच आहे. तिथे प्रथिनाच्या खोबणीनेच त्याला तसं बसवलंय. तुमच्या एन्झाइमची सरळ रेघ कोणती ते तुमच्याच नीट घेतलेल्या ऑक्सिडाइज्ड डेटावरून ठरवा, दुसऱ्याच्या पेपरवरून नको.

उजेड दाखवूनही काहीच बदलत नसेल तर

आधी जाडी. प्रथिन ५५ किलोडाल्टनचं आणि क्रिस्टलमध्ये निम्मं पाणी धरलं, तर आतलं एफएडी १२-१३ मिलिमोलर होतं. ४५० नॅनोमीटरला त्याचा मोलर शोषणांक ११,३००. म्हणजे १०० मायक्रॉन जाडीला शोषण १.४, आणि मागच्या बाजूला पोचतो जेमतेम चार टक्के उजेड. पुढचा थर रिड्यूस, मागचा पिवळाच, आणि क्ष-किरण दोन्हींतून जाऊन सरासरी काढतात. २० मायक्रॉनचा क्रिस्टल असेल तर निम्मा उजेड आरपार जातो. मोठे, देखणे क्रिस्टल फोटोला ठेवा आणि कामाला बारके घ्या. मोठाच वापरणं भाग असेल तर ४५० सोडून ४९० च्या पुढच्या उतारावरचा उजेड वापरा, तो खोलवर जातो, आणि लूप फिरवत दोन्ही बाजूंनी दाखवा.

लेसरचा जोर वाढवून हा प्रश्न सुटत नाही. जास्त जोर लावला की एकच रेणू एकाहून जास्त फोटॉन शोषतो आणि जी हालचाल दिसते ती निसर्गातली नसते. २०२४ साली मायोग्लोबिनवर हेच दाखवलं गेलं, की लेसरची तीव्रता बदलली तर अतिजलद हालचालीचं चित्रच बदलतं.

मग साखळी. ट्रिप्टोफॅनच्या जागी फेनिलअॅलनिन घातलेला म्युटंट हाताशी ठेवा, ई. कोलायच्या बाबतीत ३०६ चा. तो उजेडात रिड्यूस होत नसेल आणि मूळ प्रथिन होत असेल, तर इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेनेच येतोय. म्युटंटही खुशाल रंग बदलत असेल, तर पुन्हा मोकळं फ्लेविन आणि बफर यांच्याकडे वळा. तुमचं प्रथिन ई. कोलायचं नसेल तर क्रमांक आंधळेपणाने उचलू नका. वर्ग दोनच्या फोटोलायेजमध्ये ही साखळी वेगळ्या जागी आहे आणि प्राण्यांच्या क्रिप्टोक्रोममध्ये चौथं ट्रिप्टोफॅनही असतं.

रंग बदलला, जाडी बरोबर, म्युटंट गप्प, आणि तरी प्रथिनाचा सांगाडा जागचा हलत नाही, तर क्रिस्टलची जाळी त्याला हलू देत नसेल. शेजारचे रेणू चहूबाजूंनी दाबून बसलेले असतात. आर्जिनीनसारखी बारकी हालचाल त्यात होते, पण क्रिप्टोक्रोमच्या सी-टोकाकडच्या शेपटीसारखी मोठी हालचाल अडकते. अशा वेळी द्रावणात या. ट्रिप्सिनने मर्यादित पचन हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे: तोच नमुना दोन नळ्यांत, एक पिवळा आणि एक उजेडाने रिड्यूस केलेला. दोन्हींत दाता सारखाच हवा, नाहीतर पचनातला फरक डीटीटीमुळे पडला की रचनेमुळे ते कळणार नाही. ठरलेल्या वेळांना थोडं थोडं काढून एसडीएस या डिटर्जंटच्या बफरमध्ये उकळा आणि जेलवर पट्ट्यांची तुलना करा. जी पट्टी एकाच नळीत लवकर तुटते, त्या भागात काहीतरी उघडलंय. पचन चालू असेपर्यंत पिवळी नळी काळ्या पिशवीत आणि रिड्यूस केलेली हवाबंद. उकळल्यानंतर फ्लेविन सुटलेलं असतं, मग दिवे लावा आणि जेल आरामात भरा.